उघडं लाकूड

भाट्ये, रत्नागिरी
ता. ९ नोव्हेंबर १९३७

केरूभावोजी,

हे अक्षर माझं आहे. मास्तरांकडून लिहून घेतलेलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा मला सहीपुरतंही लिहिता येत नव्हतं. फौजदारांच्या कागदावर मी अंगठा दिला तो तुम्ही पाहिला आहे. आता येतं. चुका असतील, त्या सोडून वाचा.

तुमचा पत्ता राजिवड्याच्या विठू खलाशाने दिला. त्याचं गलबत कराचीला जातं. तो म्हणाला, केरू गोदीत रंगाचे डबे वाहतो. मी विचारलं, रंगारी झाले काय? तर म्हणाला, "रंगारी कसला गो वहिनी. डबे उचलतो नि ठेवतो. हत्यार म्हणून हातात धरीत नाय." सात पिढ्या होड्या बांधणाऱ्या सुताराचा मुलगा, आणि हत्यार धरीत नाही. मी ते आप्पांना सांगितलं नाही.

आप्पांची तब्येत ठीक आहे. डाव्या डोळ्याला आता जवळजवळ दिसत नाही. तरी होडीच्या फळीवरून हात फिरवून ती कुठे वाकडी आहे ते सांगतात. यंदा दोन डोण्या बांधल्या, एक कर्ल्याची, एक इथलीच. हाताखाली गड्याला घेतात. तुमचं नाव घरात निघत नाही. कुणी काढलंच तर उठून खाडीच्या बाजूला जातात आणि बराच वेळ येत नाहीत.

होड्या बांधायचा मांगर तसाच आहे. पलीकडच्या अंगाला होड्या, अलीकडे तुमच्या दादांच्या विमानाचं जे राहिलं ते. आप्पांनी त्यावर झावळ्या टाकून ठेवल्या आहेत. फेकूही दिलं नाही, जाळूही दिलं नाही. शेजारच्या येसूबाई एकदा चुलीला फाटी मागायला आल्या आणि म्हणाल्या, "तां मोडकां इतकां पडलांहा, दे की चार ढलपे." आप्पांनी त्यांना चांगली फाटी तोडून दिली, पण त्यातलं एक ढलपं दिलं नाही.

तुमच्या दादांना जाऊन अडीच वर्षं झाली. मी सकाळी उठते, पाणी भरते, भात टाकते, दुपारी वाचते. गावातल्या वाचनालयातून मास्तरांच्या नावावर पुस्तक येतं. आधी मला वाटायचं, वाचायला लागलं की माणसाला काही वेगळं वाटत असेल. तसं काही नाही. दुपार जाते एवढंच.

दहाव्याच्या दिवशी मी जे बोलले ते मला आठवतं. तुम्ही पाण्याचं भांडं पुढे केलं होतं आणि मी सगळ्या गावासमोर म्हटलं, या हातचं पाणी मी घेणार नाही. त्यावर आज काही लिहीत नाही. पण बोलले ते विसरले आहे असं समजू नका.

उत्तर आलं नाही तरी चालेल.

तुळसा


भाट्ये
ता. १६ जानेवारी १९३८

केरूभावोजी,

कार्ड पोचलं. चार ओळी आहेत. "वहिनी, सांधे मी भरले होते. सरस मी कमी लावला नव्हता. पण पंख सुटला तो सांध्यातच सुटला. त्याबद्दल मला लिहू नका." ठीक आहे. आज त्याबद्दल लिहीत नाही. मी वाचायला कशी शिकले ते लिहिते.

तुमच्या दादांची वही तुम्हाला आठवत असेल. निळ्या पुठ्ठ्याची, जुहूला विमानांच्या शेडमध्ये सुतारकाम करायचे तेव्हापासूनची. विलायती मासिकातले नकाशे त्यांनी त्यात उतरवून घेतले होते आणि बाजूला मराठीत लिहिलं होतं. ते गेल्यावर माझ्याकडे त्यांचं म्हणून तेवढंच राहिलं. चित्रं कळायची. पंख, पंखातले दोन लांब वासे, त्यांवर बसणाऱ्या फासळ्या. अक्षरं कळायची नाहीत. मास्तरांच्या बायकोकडून बाराखडीचं पुस्तक आणलं. ती म्हणाली, "आता या वयात?" मी म्हटलं, वय एकोणतीस आहे. तिने ते शंभर वर्षांचं असल्यासारखं तोंड केलं, पण पुस्तक दिलं.

मला वाटतं, बाराखडीपेक्षा मी त्यांच्या हातावरूनच शिकले. त्यांचा 'स' कसा, 'र' कसा. 'सरस' हा मला धड वाचता आलेला पहिला शब्द.

सरस मीच करत होते. साय काढलेलं दूध नासवायचं, चोथा धुवायचा, उन्हात खडखडीत वाळवायचा, जात्यावर दळायचा. मग चुना घालून घोटायचा. पहिल्यांदा केला तेव्हा तुम्ही बोटाला लावून फळीला बोट टेकवलंत आणि बोलत बसलात, आणि मग कातडं सोलून बोट काढावं लागलं. दादा इतके हसले की रंधा खाली ठेवला. येसूबाई कुंपणापलीकडून रोज विचारायच्या, "काय गो तुळसा, आज किती शेर दुधाचां विमान झालां?" आप्पा मोठ्याने उत्तर द्यायचे, "तुज्या म्हशीला सांग आटू नको म्हणून, नायतर शेपूट अर्धवट ऱ्हाईल."

आप्पा तेव्हा विनोद करत असत. मला हे लिहिताना आठवलं. नाहीतर आठवलं नसतं.

डावा पंख तुम्ही दोघांनी मे महिन्यात पुरा केला. मी त्याला मांजरपाट शिवला, प्रत्येक फासळीवर दर चार बोटांना एक टाका. मग पंख उताणा घालून त्यावर वाळूच्या पिशव्या मांडल्यात. विमान हवेत असतं तेव्हा पंखावर केवढा भार येतो, तेवढी वाळू. आप्पा बाजूला उभे होते. पंख वाकला, कुरकुरला नाही. आप्पा म्हणाले, "धरलान." त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही. डोणी पहिल्यांदा पाण्यात घालतानाही ते एवढंच म्हणतात.

उजव्या पंखाचे नुसते दोन वासे तासून झाले होते. मग पाऊस तोंडावर आला आणि तुम्ही दोघे इंजिनासाठी मुंबईला गेलात.

इथे थांबते. चुलीवर भात आहे.

तुळसा


भाट्ये
ता. २४ मार्च १९३८

केरूभावोजी,

आज तीन वर्षं. तिथीने नव्हे, तारखेने. तिथीने आप्पा करतात. तारीख माझी मी करते, कारण वहीत त्यांनी तारीख घालून ठेवली होती. "२४ मार्च, ओहोटी आठ वाजता, वारा पाहून." बाकीचं पान कोरं आहे.

तुम्ही लिहू नका म्हणाला होतात. मी लिहिते. वाचायचं नसेल तर फाडा.

त्या सकाळी पुळणीवरची वाळू घट्ट होती. पाणी लांब गेलेलं. तुम्ही आणि दोन गडी विमान ढकलत आणलंत. मी नारळ घेऊन उभी होते. होडीला फोडतात तसा त्याच्या नाकाशी फोडायचा का, हा वाद झाला. दादा म्हणाले, नाकाला पंखा आहे, पाणी उडेल. मग चाकापाशी फोडला. आप्पा म्हणाले, "चाकाला नारळ. गाडी झाली ही, होडी नव्हे."

आणि मग तुम्ही म्हणालात, दादा, उजव्यावर एकदा वाळू ठेवूया. डाव्यावर ठेवली होती तशी. ते म्हणाले, "डावा धरला ना? हात तोच, सरस तोच." तुम्ही म्हणालात, अर्धा दिवस लागेल, उद्या जाऊ. ते म्हणाले, उद्या ओहोटी उशिरा, वारा वाढेल. तुम्ही दोनदा म्हणालात. मी चार हातांवर होते. मी ऐकलं.

फौजदारांनी मला विचारलं, कुणी अडवलं होतं का? मी म्हटलं, नाही. सांधे कुणी भरले? मी म्हटलं, धाकट्यांनी. त्यांनी लिहिलं, "सांध्याचे काम कच्चे." मी अंगठा दिला. मला वाचता येत नव्हतं हे खरं, पण काय लिहिलं ते त्यांनी वाचून दाखवलं होतं.

तुम्ही अडवलं होतंत हे मी का सांगितलं नाही, ते मला तीन वर्षांत सापडलेलं नाही. राग म्हणावा तर राग तेव्हा आलेला नव्हता. तेव्हा काहीच आलेलं नव्हतं.

मी पाहिलं ते असं. फटफटीचं इंजिन ते, आवाज फटफटीचाच. चाकं ओल्या वाळूवरून पळाली, मग चाकांखाली उजेड दिसला. गडी ओरडले. तुम्ही धावत होतात. माडांच्या शेंड्याएवढं वर गेलं, सरळ गेलं. मला वाटलं, झालं, जमलं यांना. मग खाडीच्या तोंडावर वळायला कलंडलं आणि उजवा पंख वर मिटला. मोडल्याचा आवाज इथवर आला नाही. इंजिन पाण्यात जाईपर्यंत चालूच होतं.

गुडघाभर पाणी होतं तिथे. नंतर सगळे म्हणत, गुडघाभर पाणी. जणू पाणी जास्त असतं तर बरं झालं असतं.

आप्पांनी तुकडे गोळा केले. एकही राहू दिला नाही. भरती आली तरी पाण्यात उभे राहून काढत होते. रात्री शेजारून आलेल्या ताटावर बसले आणि तुमच्याकडे बघून म्हणाले, "हाताची लाज घालवलीस." तुम्ही ताटावरून उठलात. तेव्हाही मी गप्प होते.

एवढंच आज.

तुळसा


भाट्ये
ता. २ ऑक्टोबर १९३८

केरूभावोजी,

पावसाळ्यात पत्र टाकलं नाही. टाकता आलं असतं.

विठू काल आला होता. त्याने सांगितलं ते असं, कराचीच्या विमानतळावर लाकडी पंख दुरुस्त करणारा सुतार हवा आहे. तिथल्या मिस्त्रीला कुणी सांगितलं, रत्नागिरीचा एक आहे, त्याने अख्खा पंख बांधलेला आहे. मिस्त्री स्वतः गोदीत आला. आणि तुम्ही म्हणालात, मी सांध्याला हात लावत नाही, माझ्या सांध्याने माणूस मेला आहे. मिस्त्रीने दिवाळीपर्यंत जागा धरली आहे. विठू म्हणाला, "वहिनी, तो मिस्त्री म्हणतो, जो सुतार असा बोलतो तोच मला हवा. पण केरू आयकत नाय."

म्हणून आता लिहिते. सांधा तुमच्यामुळे सुटला नाही. माझ्यामुळे सुटला.

तुम्ही दोघे इंजिनासाठी मुंबईला गेलात त्या ज्येष्ठात आप्पांना ताप होता. तुम्हाला माहीत आहे, पाऊस धरण्याआधी मांगरातल्या सगळ्या लाकडाला मुशी माशाचं तेल द्यायचं असतं, नाहीतर कीड लागते. होड्या, वल्ही, डोलकाठ्या, सगळ्याला. आप्पा अंथरुणातून म्हणाले, "यंदा तू दे गो. मांगरात उघडं लाकूड एक ऱ्हाता नये." होडीला बाईने तेल द्यायचं नसतं आपल्यात. दिलं हे कळलं तर दर्यावर जाणारे खारवी होडी घेऊन जायचे नाहीत. म्हणून दोघांत ठरलं, कुणाला सांगायचं नाही. मी दार लावून दोन दिवस तेल दिलं.

डाव्या पंखाला कापड होतं. उजव्याचे दोन वासे नुसते उघडे पडले होते, पांढरे, विलायती देवदाराचे. मला त्यांची कीव आली. बाकी सगळ्यांना अंगावर काहीतरी होतं. मी त्यांना तेलाचे दोन हात दिले. लाकूड तहानेलं होतं, पिऊन टाकलं. मग फडक्याने पुसून लखलखीत केले.

भाद्रपदात तुम्ही आलात. वाशावरून हात फिरवलात आणि म्हणालात, "दादा, लाकूड पावसाळ्यातून काय छान निघालंय बघ." मी दारात होते. मला बरं वाटलं. सांगायचं होतं, पण सांगायचं नाही असं ठरलं होतं. तेलाचा वास तर मांगरात बारा महिने असतोच, तो तुम्हाला वेगळा कसा कळणार. मग तुम्ही त्याच वाशांवर फासळ्या बसवल्यात.

गेल्या वर्षी श्रावणात मी वहीचं सतरावं पान वाचलं. त्यांचं अक्षर आहे. "चिकटवायच्या लाकडाला तेल, तूप, घामाचा हातसुद्धा लागू नये. सरस वर बसतो, आत शिरत नाही. सांधा धरलासा दिसतो आणि जोर आला की सुटतो." मी ते दोनदा वाचलं. मला वाटलं, मी चुकीचं वाचत असेन. मास्तरांच्या बायकोला दाखवलं. तिनेही तेच वाचलं.

तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं त्याआधी तीन महिने मला हे माहीत होतं. पत्र हेच सांगायला घेतलं होतं. मग होड्यांचं लिहिलं, डोळ्याचं लिहिलं. दुसऱ्यात सरस कसा करायचा ते लिहिलं आणि भाताचं कारण काढलं. भात तेव्हा झालेला होता. प्रत्येक वेळी इथपर्यंत यायची आणि परत जायची.

आप्पांना हे माहीत नाही. त्यांना सांगायचं तर सांगावं लागेल की शब्द त्यांचा होता, हात माझा. म्हाताऱ्या माणसाला या वयात हे का, असं मी मनाशी म्हणते. खरं हेही आहे की या घराशिवाय मला घर नाही. माहेरी कोण आहे ते तुम्हाला ठाऊक आहे.

जागा घ्या. तुमच्या हाताला दोष नव्हता.

तुळसा


भाट्ये
ता. २९ ऑक्टोबर १९३८

केरूभावोजी,

तुमचं कार्ड सोमवारी आलं. दिवाळी झाली. विठू निघतोय आणि म्हणतो, मिस्त्री अजून आठ दिवस थांबेल, म्हणून हे पत्र आणि बरोबरचं बोचकं त्याच्याच हाती देते.

तुम्ही लिहिलंय, "वहिनी, मला बरं वाटावं म्हणून तुम्ही सगळं अंगावर घेता आहात. बाई होडीला तेल लावील आणि आप्पा लावू देतील हे मी मानत नाही. दया करू नका."

मी दिवसभर विचार केला, याला काय उत्तर द्यावं. लिहून पटत नसेल तर दाखवावं लागेल. आणि दाखवायचं तर झावळ्या उचलाव्या लागतील, त्या आप्पांना विचारल्याशिवाय उचलता येत नाहीत.

मंगळवारी सकाळी ते मांगरात तासत बसले होते. मी म्हटलं, "आप्पा, विमानाचं लाकूड बघायचंय."

ते म्हणाले, "कशाला?"

"केरूभावोजींना पाठवायचंय."

साडेतीन वर्षांनी ते नाव त्या मांगरात निघालं. मला वाटलं, उठून खाडीवर जातील. उठले नाहीत. तासणी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "काड."

आधी डावा पंख काढला. मोडलेला आहे, पण बराचसा शाबूत आहे. मी एका फासळीला हात घातला आणि ओढली. येईना. पाय लावून ओढली. शेवटी फासळी आली, पण सांध्यातून नाही. वाशाचं लाकूड फाडून आली. त्याच्या सळ्या फासळीला तशाच चिकटून आल्या.

मग उजव्याचा तुकडा घेतला. त्याला दोनच फासळ्या राहिल्या आहेत. दोन बोटांत धरली तर हातात आली. खाली वासा स्वच्छ, वर सरसाची पापडी, काचेसारखी. एक तंतू नाही.

मी तो वासा आप्पांच्या हातात दिला. म्हटलं, "आप्पा, मला काही सांगायचंय. तुम्हाला ताप होता त्या वर्षी—"

त्यांनी तो नाकाला लावला नाही. मला वाटलं होतं लावतील. नुसता मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "वास हाय अजून. ठाऊक हाय मला."

मी म्हटलं, "काय ठाऊक आहे?"

"पाण्यातनं काडला तेवाच ठाऊक झालां. चाळीस वर्षां मुशीच्या तेलात गेली माजी. खाऱ्या पाण्यातनं काडलेल्या लाकडाला तेलाचा वास येतो म्हंजे तां किती प्यालांहा, तां मला कळत नाय?" मग म्हणाले, "उघडां लाकूड ऱ्हाता नये, ह्यां मीच बोललो होतो तुला."

मी विचारलं, "मग केरूभावोजींना का बोललात?"

त्यांनी वाशावरून हात फिरवला. म्हणाले, "फौजदार इलेला. गाव जमलेला. कोणाचां तरी नाव पडणार होतां. पोरगा हातापायान धड. खयंय गेला असता तर पोट भरलान असतान. तू खयं गेली असतीस? लोकांनी तुला ह्या घरात ऱ्हाऊ दिली असती?" आणि मग, "माजां नाव सांगायचा धीर झाला नाय. तां पण हाय त्यात."

हे मी जसंच्या तसं लिहिते आहे. सोडलेलं नाही काही.

मी दहाव्याला तुम्हाला बोलले तेव्हा ते ओटीवर बसले होते. त्यांना माहीत होतं. मला माहीत नव्हतं. त्यांनी मला बोलू दिलं. तुम्ही भांडं खाली ठेवून निघून गेलात, आणि साडेतीन वर्षं आम्ही दोघे एकमेकांना वाढत राहिलो. मी त्यांच्यापासून लपवत होते आणि ते माझ्यापासून.

त्यांच्यावर राग धरावा की पाया पडावं, मला कळत नाही. दोन्ही केलं नाही. चूल पेटवायची होती, ती पेटवली. दुपारी त्यांना जेवायला वाढलं. त्यांनी विचारलं, "आमटीत कोकम जास्त झालां काय?" मी म्हटलं, हो, झालं. रोजच्यासारखंच जेवलो.

संध्याकाळी मात्र ते येसूबाईंच्या कुंपणाशी गेले. हाक मारून म्हणाले, "येसू, आयक. माज्या धाकट्याचा सांधा कच्चा नव्हता. लाकडाला तेल लागलेलां, माज्या सांगण्यावरनं. गावात सांग. तुला सांगितलां की दवंडी नको." येसूबाई इतकंच म्हणाल्या, "देवा." दुसऱ्या सकाळपर्यंत पाणवठ्यावर सगळ्यांना माहीत झालं. तेल कुणी दिलं ते आप्पांनी सांगितलं नाही. ते मी सांगितलं, पाणवठ्यावरच. दोघी कळशी उचलून गेल्या. बाकीच्या थांबल्या. बाईने तेल दिलेल्या मांगरातली म्हणून कर्ल्याचा खारवी त्याची डोणी परत करील म्हणतात. करू दे. आप्पा म्हणाले, "करू दे."

बोचक्यात दोन फासळ्या आहेत. एकीला लोकरीचा दोरा बांधला आहे त्यावरून ओळखा. लाल दोऱ्याची ती उजव्याची. तिच्याबरोबर वाशाचा वीतभर तुकडा आहे, तो नाकाला लावून पाहा, मग मी खोटं लिहीन की नाही ते ठरवा. तो तुकडा आप्पांनी स्वतः कापून दिला.

दुसरी डाव्याची आहे. तिला दोरा नाही. तिच्या बुडाशी वाशाचं लाकूड फाटून आलेलं दिसेल. ते सोडवायचा आप्पांनी पटाशीने प्रयत्न केला, मिस्त्रीला सांधा नीट दिसावा म्हणून. सुटलं नाही. मग पटाशी ठेवली आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तशीच दे त्याला. धरलान."

तुळसा